सुट्टीची भेट

मुलगी : मग मला खोटं का सांगितलंत? दर आठवड्याला विचारत होते, कसं चाललंय, बाबा? तुमचं आपलं, "झकास." आणि काल त्या कोचबाईंचा फोन, की तुमचे वडील पहिल्या वेळेनंतर आलेच नाहीत लाइनवर.

बाबा : हळू बोल. आई जागी आहे.

मुलगी : सुट्टीत हॉटेल गच्च भरलेलं, रिसेप्शन सोडून मला हलता येईना. वाटलं, यंदा स्वेटर-बिटर नको, लाइफ कोच देऊ. बाबांना बोलायला कुणीतरी मिळेल. आईला पॅरालिसिस झाल्यापासून तुम्ही चष्म्याचं दुकान विकलंत, मित्र तोडलेत...

बाबा : भेट चांगलीच होती गं. तुझ्यावर राग नाही माझा.

मुलगी : मग अडलं कुठे? बाई बरी नव्हती?

बाबा : फारच बरी होती. मी जन्मभर लोकांना चष्मे लावून विचारलं, आता दिसतंय का? आता? तिनेही तसंच विचारलं. पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?

मुलगी : विचारतातच ते.

बाबा : इथेच बसलो होतो, स्वयंपाकघरात. फोन साखरेच्या बरणीला टेकवून. डोळे मिटा म्हणाली, मिटले. मनात येईल ते बोला म्हणाली. आणि मी बोलून गेलो.

मुलगी : काय?

बाबा : की सकाळ झालीय. खिडकी उघडी आहे. मी एकटाच चहा पितोय. कुणाला उचलायचं नाही, कुणाला पुसायचं नाही. तिने विचारलं, कसं वाटतंय? म्हटलं, हलकं.

मुलगी : एवढंच ना? बाबा, माणूस आहात तुम्ही. कुणाच्याही मनात येतं असं.

बाबा : तुझ्या येतं?

मुलगी : चहा टाकू तुम्हाला?

बाबा : राहू दे. मनात येणं वेगळं. मी मोठ्याने बोललो, आणि मधलं दार उघडं होतं.

मुलगी : आईने ऐकलं?

बाबा : पूर्वी तिची सतत हाक असायची. पाणी द्या, कूस बदला, पडदा ओढा. मी करवादायचो. त्या दिवसापासून एक हाक नाही बघ. ओल्या चादरीवर पडून राहते, पण बोलवत नाही. मीच जाऊन चाचपतो.

मुलगी : तुम्ही काही बोललात तिच्याशी?

बाबा : काय बोलू? तसं नव्हतं म्हणू? माझं खोटं तिला लगेच कळतं. तुझ्यासारखं नाही.

मुलगी : मी जाते आत.

बाबा : नको. अगं, नको ना, ऐक...

(आतली खोली.)

मुलगी : आई, उशी वर घेऊ थोडी?

आई : घे. कधी... आलीस?

मुलगी : मघाशीच. आई, बाबांना हाक का मारत नाहीस?

आई : दमलेत.

मुलगी : त्या दिवशी फोनवर ते जे बोलले...

आई : ऐकलं.

मुलगी : त्यांना तसं म्हणायचं नव्हतं गं.

आई : होतं. सारवासारव... नको करू.

मुलगी : माझंच चुकलं. कुठून बुद्धी झाली आणि ती भेट पाठवली!

आई : आवाज... हसरा होता.

मुलगी : कुणाचा?

आई : ह्यांचा. तिच्याशी बोलताना. किती दिवसांनी... मला वाटलं, कोण आलंय घरी.

मुलगी : आई, बास. दमशील.

आई : डोळे पूस. मलापण... दिसते ती. तशीच सकाळ.

मुलगी : कसली?

आई : ह्यांच्या हातात चहा. मी... नाही त्यात. बरं वाटतं गं.

मुलगी : आई!

आई : पण मला... कुणी विचारलंच नाही.

मुलगी : बाबा? अहो, तुम्ही केव्हाचे उभे आहात दारात?

बाबा : सरक बाळा जरा. मला बसू दे तिच्याजवळ.