अर्धा इंच वर

बेरिल : आणि हे माझ्या अंड्यांच्या पेल्यांत काय ओतलंयस?

क्लाइव्ह : तेल. तीन पेले, तीन प्रकार. धुऊन देतो हो सासूबाई, घाबरू नका.

बेरिल : चाळीस वर्षं त्या पेल्यांत उकडलेल्या अंड्याशिवाय काही गेलं नव्हतं. जावयाचे पाय लागले आणि स्वयंपाकघराचं गॅरेज झालं. आणि हा काय? कार्बोरेटर? माझ्या टेबलावर?

क्लाइव्ह : खाली वर्तमानपत्र घातलंय ना. माझ्या जुन्या एमजी गाडीचा आहे. दोनांतला एक काढून आणला, दुसरा गाडीतच आहे. मला तुमचा सल्ला हवा होता. त्याचं काय आहे, चढावर जोरात पाय दाबला की गाडी खोकते. एकदा अडखळते आणि मग पळते. आमच्या क्लबातला रेग म्हणतो, डॅम्परमध्ये, म्हणजे या दट्ट्याच्या पोकळ नळीत, शिवणयंत्राचं पातळ तेल घाल. इयान म्हणतो, गिअरबॉक्सचं जाड घाल. पुस्तक म्हणतं, वीस नंबरचं इंजिन ऑइल. मी तिन्ही घालून बघितली. खोकला आहे तसाच.

बेरिल : तीस वर्षं बस चालवलीस तू. तीत असे प्रश्न पडायचे?

क्लाइव्ह : बस बिघडली की फोन करायचा आणि चहा प्यायचा. तुम्ही मात्र कार्बोरेटरच्या कारखान्यात पंधरा वर्षं हेच तपासत होतात.

बेरिल : सोळा. दिवसाला दोनशे नग. तेल निवडायला रेग नि इयान कशाला लागतात? पाय दाबला की आतला दट्ट्या उडी मारायला बघतो. तेल त्याला म्हणतं, दमानं घे बाबा. पातळ असलं तर तो जुमानत नाही. जाड असलं तर उठतच नाही, तुझ्यासारखा, रविवारी सकाळी.

क्लाइव्ह : आणि बरोबर आहे हे ओळखायचं कसं?

बेरिल : बोटांनी. ही पितळी टोपीची दांडी आहे ना, ती हळू आत सोडायची. टोपी बसायला अर्धा इंच राहिला की तेल हाताला लागतं. कोणी आतून धरल्यासारखं. कारखान्यातल्या साहेबांकडे मोजायची घड्याळं होती, तरी शेवटी आमच्या बोटांना विचारायला यायचे.

क्लाइव्ह : मग बघा ना. पहिल्या पेल्यातलं आत भरलंय. तुम्ही फक्त ओळखा.

बेरिल : आण इकडे. हं. अर्ध्या इंचावर काहीच लागत नाही. पाणी आहे नुसतं. हे शिवणयंत्राचं.

क्लाइव्ह : बरोबर. पण डाव्या हाताने नाही.

बेरिल : का? डावा काय सावत्र आहे?

क्लाइव्ह : कारखान्यात तुम्ही उजव्याने तपासायचात.

बेरिल : अस्सं. आता पडला उजेड. जॅनिसने पाठवलं तुला.

क्लाइव्ह : तुमच्या लेकीला पत्ताही नाही. ती आमच्या मागच्या खोलीत पडद्यांचं माप घेत बसलीय.

बेरिल : कसले पडदे?

क्लाइव्ह : तुमचे. जांभळी फुलं आहेत त्यांच्यावर.

बेरिल : देवा!

क्लाइव्ह : उद्या दहा वाजता कौन्सिलची बाई तुम्हाला तपासायला येणार. गॅसचं बटण फिरवून दाखवा म्हणेल. औषधाच्या बाटलीचं झाकण उघडा म्हणेल. नाही जमलं तर शेरा मारेल, एकटं ठेवण्यासारखं नाही. की मंगळवारी तुम्ही त्या फुलांमध्ये.

बेरिल : आणि तुला सासू घरात नकोय.

क्लाइव्ह : अजिबात नकोय! आमच्याकडे बाथरूम एक. तुम्ही टबमध्ये बसून तासभर चर्चची गाणी म्हणता. मागच्या नाताळात तीन दिवस राहिलात, तिसऱ्या दिवशी मी गॅरेजमध्ये झोपलो होतो.

बेरिल : तू एरवीही तिथेच झोपतोस.

क्लाइव्ह : ते स्वखुशीने. हे बघा, यात माझा स्वार्थ आहे, मी कबूल करतो. डॉक्टर म्हणाले हात हलतोय, ताकद येतेय, पण त्या वापरतच नाहीत. फेब्रुवारीत अर्धांगाचा झटका आला, आता जून उजाडला. व्यायामाला दिलेला स्पंजचा चेंडू कुठे आहे?

बेरिल : मांजराला दिला. त्याला जास्त उपयोग होता.

क्लाइव्ह : म्हणून मी हा आणला. ही टोपी आणि औषधाच्या बाटलीचं झाकण, माप एकच. काल रात्री बाटलीशेजारी ठेवून बघितली.

बेरिल : म्हणजे गाडीच्या खोकल्याची थापच?

क्लाइव्ह : खोकला खरा आहे. तेल वीस नंबरचंच घालायचं, हेही ठाऊक आहे मला. तुम्हीच सांगितलं होतंत, याच टेबलावर. मी जॅनिसला मागणी घालायला आलो होतो आणि तुम्ही अर्धा तास मला डॅम्परवर प्रश्न विचारले होतेत.

बेरिल : नापास झाला होतास.

क्लाइव्ह : तरी पोरगी दिलीत. आता लावा बरं तो उजवा.

बेरिल : नको, क्लाइव्ह.

क्लाइव्ह : का पण?

बेरिल : भीती वाटते रे मला. चेंडू दाबता आला नाही तर म्हणता येतं, चेंडूच भिकार. पण हे? हे या हाताला झोपेत यायचं. याच्यावर मी घर चालवलं, नवरा गेल्यावर जॅनिसला वाढवलं. आणि आता दांडी सोडली आणि याला काही कळलंच नाही, तर काय उरलं? मांडीवर दुसऱ्याच कुणा बाईचा हात येऊन पडलाय असं वाटतं मला. मी त्याच्याशी बोलत नाही, तो माझ्याशी बोलत नाही. चाललंय ते बरं चाललंय.

क्लाइव्ह : बरं चाललंय कुठे? जांभळी फुलं आहेत, सासूबाई. मोठमोठी.

बेरिल : मेल्या!

क्लाइव्ह : तुम्ही बसा, मी पहिलं तेल पिचकारीने काढतो आणि वीस नंबरचं भरतो. नाही लावलात हात, तर मी गुपचूप घरी जातो आणि जॅनिसला फुलं आणखी मोठी घे म्हणून सांगतो. हं. भरलं. तुमची मर्जी.

(बेरिल डाव्या हाताने उजवा हात उचलते आणि टेबलावर ठेवते. मग बोटं टोपीकडे नेते.)

बेरिल : बघू नकोस माझ्याकडे. खिडकीबाहेर बघ.

क्लाइव्ह : बघतोय. शेजारच्यांनी कुंपण रंगवलंय.

बेरिल : गप्प बस. धरलीय मी. बोटं वळत नाहीत मेली, पण धरलीय. सोडते आत. अजून… अजून… अर्धा इंच राहिला.

क्लाइव्ह : लागलं?

बेरिल : नाही.

क्लाइव्ह : जरा आणखी…

बेरिल : अर्ध्यावरच लागायला हवं. काही नाही. काहीच नाही, क्लाइव्ह. लाकूड आहे हे. म्हटलं होतं तुला, नको म्हणून.

क्लाइव्ह : चुकलं माझं. राहू दे, सासूबाई. मी मूर्ख. चहा टाकतो. आणि ऐका, ते पडदे बदलून घेऊ. साधे पांढरे घेऊ. गाणी कितीही वेळ म्हणा. खरंच सांगतो, कितीही वेळ.

बेरिल : तू इतका गोड बोलायला लागलास म्हणजे माझं आता काही खरं नाही. थांब. ती दांडी दे इकडे. डाव्याने बघते.

क्लाइव्ह : कशाला आता जिवाला लावून घेता…

बेरिल : दे म्हणते ना! हं. अर्ध्यावर… यालाही काही लागत नाही. टोपी टेकायला आली तेव्हा कुठे जरासं. क्लाइव्ह!

क्लाइव्ह : काय झालं?

बेरिल : तेल कुठवर भरलंस?

क्लाइव्ह : पुस्तकात लिहिलंय तेवढंच. पोकळ नळीच्या तोंडापासून अर्धा इंच.

बेरिल : वर की खाली?

क्लाइव्ह : खाली. सांडू नये म्हणून.

बेरिल : वर, गाढवा! वर! तोंडाच्या अर्धा इंच वर! मगाशीही असंच असणार, आणि मी पातळ समजले. किती वर्षं भरतोयस असं?

क्लाइव्ह : गाडी घेतल्यापासून.

बेरिल : म्हणजे अकरा वर्षं. अकरा वर्षं तू, रेग आणि इयान तेलाच्या जातीवरून भांडताय, आणि दट्ट्या बिचारा कोरडा उड्या मारतोय! खोकेल नाही तर काय करेल?

क्लाइव्ह : रेगला सांगू नका.

बेरिल : मी चर्चमध्ये जाहीर करणार आहे.

क्लाइव्ह : थांबा, सासूबाई. म्हणजे तुमचा उजवा हात मगाशी काही नाही म्हणाला…

बेरिल : कारण काही नव्हतंच.

क्लाइव्ह : म्हणजे तो बरोबर होता.

बेरिल : ओत. बोलू नकोस, ओत आणखी. हं, बस्स. आता खिडकीबाहेर बघ.

क्लाइव्ह : कुंपण अजून ओलं आहे.

बेरिल : सोडते. हळू. हळू… आई गं.

क्लाइव्ह : काय? दुखलं का?

बेरिल : लागलं. इथे, अर्ध्यावर. धरलंय त्याने आतून. अरे, लागलं मला!

क्लाइव्ह : हे घ्या, रुमाल.

बेरिल : तेलाचा आहे तो! चांगला दे. आणि हात नको लावूस मध्ये, टोपी मीच फिरवणार. आटा चुकतोय… बसला. एक. दोन. अडीच. झाली घट्ट.

क्लाइव्ह : जॅनिसला फोन करू? माप घ्यायचं थांबव म्हणून?

बेरिल : घेऊ दे. जांभळं कापड तुझ्या गॅरेजला शोभेल. दुसऱ्या कार्बोरेटरमध्येही खालपर्यंतच भरलंयस ना?

क्लाइव्ह : हो.

बेरिल : मग बसलास काय असा? जा, काढून आण तो. माझा हात बसतोय तोवर.