हात यायला हवेत

कॅमेरा दुरुस्तीच्या दुकानात रांगेत एक बाई माझ्यापुढे उभ्या होत्या.

"दादा, सभागृहात फोटो काढले की लेकीचा चेहरा स्वच्छ येतो, हातांचे मात्र नुसते फराटे."

"तिथे उजेड कमी, म्हणून शटर रेंगाळतं. आयएसओ ऑटोवर टाका आणि शटरचा वेग पाचशेच्या खाली उतरू देऊ नका. उजेडाचं कॅमेरा बघून घेईल."

"मग हात येतील?"

"बोट न् बोट दिसेल. पण फोटो रवाळ होईल, चेहरासुद्धा."

"होऊ दे."

"ताई, त्यापेक्षा तिलाच सांगा ना, हात जरा स्थिर ठेव म्हणून."

"का ठेवावेत? तिला ऐकू येत नाही, हातांनीच बोलते ती. उद्या भाषण आहे तिचं."

"...द्या इकडे. पाचशेवर लावून देतो."

"हजारावर लावा. माझ्यावर गेलीय, भडाभडा बोलते."