दक्षिणेकडच्या अक्षता

नाही कारभारी, तसलं काही मी सुलाला सांगणार नाही – आणि उठू नकोस, आलायस तर ऐकून जा. तुझं म्हणणं मला कळलं. तुझी बायको माझा शब्द मानते, श्रावणातल्या शुक्रवारी जिवतीची कहाणी माझ्याच तोंडून ऐकते, तेव्हा मीच तिला तिचं एखादं चुकलेलं दाखवून द्यावं, म्हणजे त्याची शांत करून घेता येईल आणि ती दोन घास जेवू लागेल – हेच ना? लासलगावला ढिगात एक सडका कांदा निघाला की अख्ख्या ढिगाचा भाव पाडता तुम्ही व्यापारी. तसा तिच्या संसारात एक सडका दिवस मी शोधायचा. कोणता शोधू? जिवतीच्या नेमात वर्ज्य ते तांदळाचं धुवण ओलांडलं म्हणू? ती दुसऱ्याच्या मोरीचं पाणीसुद्धा बघून पाऊल टाकते. या नव्या शुक्रवारांच्या व्रतात आंबट खाल्लं म्हणू? तिच्या घरात चिंच नसते, हे तुझ्याच आमटीला ठाऊक.

तुमचा सोमा दुष्काळाच्या साली झाला, यंदा चैत्रात विषमज्वराने गेला, अस्थी रामकुंडात सोडल्या – घडलं ते एवढंच. याला कारण? कारण कहाणीत असतं रे. माझ्या कहाण्यांतून एकही बाई उगीच रडत नाही – ती उतते, मातते, घेतला वसा टाकते, देव रुसतो, मग तिला चूक उमगते आणि गेलेलं लेकरू परत येतं. बायका सुखावतात ते चूक सापडते म्हणून. चूक सापडली की देव न्यायी राहतो आणि उरलेल्या घरांतली मुलं सुरक्षित. ही चूक गल्लीला हवी आहे – बरं, सुलालाही हवी आहे, कबूल. परवा म्हणाली, मावशी, मी काय केलं ते सांगा, मी भोगीन. काय सांगणार? म्हटलं, तांदूळ निवड.

आणि गेल्या शुक्रवारी तिने काय केलं, ते तुला कोणी सांगितलंय? मूल परगावी असलं की आई चारी दिशांना अक्षता टाकून त्याला ओवाळते – माझा जयराम मुंबईला, मी टाकते. आरती झाल्यावर सुला उठली आणि सगळी मूठ दक्षिणेला टाकली. यमाच्या दिशेला. बाकी तीन दिशा कोरड्या. मग सगळ्याजणी माझ्याकडे बघू लागल्या – जसं काही त्या दिशेचा कारभार माझ्याकडे.

दोष सांगितला की मन शांत होतं, म्हणतोस? होतं. माझं झालं होतं. माझी ठकू गेली तेव्हा – असू दे, तुला कुठून माहीत, जयरामाआधी मला कोणी होतं हे या गल्लीत कुणालाच माहीत नाही – सासूबाई म्हणाल्या, जिवतीला वर्ज्य त्या कारल्याच्या मांडवाखालून गेलीस. आमच्या वाडीत कारल्याचा मांडवच नव्हता. तरी मी मानलं. मानल्यावर झोप लागली, खोटं कशाला बोलू. पण तेव्हापासून देवापुढे हात जोडते ते भीतीने. माझं त्याच्याशी भांडण होतं कारभारी, हक्काचं भांडण, ते मी त्या एका झोपेपायी टाकून दिलं. आज एवढ्या कहाण्या सांगते, पण त्याच्याशी बोलणं म्हणशील तर – नाही. आणि सुलाचं भांडण मी तिच्या हातून काढून घेऊ?

कडी वाजली. तीच असणार. ऐक – आज मी कहाणी आईच्या रडण्यापाशी थांबवणार. पुढचं सांगणार नाही, सुफळ संपूर्ण म्हणणार नाही. कहाणी अपुरी टाकणारीला दोष लागतो म्हणतात. लागू दे. गल्लीला एक दोषी बाई हवी होती ना? मिळाली. तू मागल्या दाराने जा. चपला हातात घे, वाजतात.

ये गं सुला. कोणी नव्हतं, मीच पुटपुटत होते. बस पाटावर. घे, अक्षता घे हातात. एक आई होती. तिचं काहीसुद्धा चुकलं नव्हतं –