मान हलवू नका

नाही नाही, उत्तर देऊ नका दादा — मानही नका हलवू. सिस्टर आत्ताच सुई टोचून गेली ना? मग आता तुमचं तोंड बंद. बोललात तर घशाचे स्नायू ते औषध ओढून घेतात, फोटोत घसा उजळतो, आणि डॉक्टर डोकं खाजवत बसतात — हा कॅन्सर की नुसत्या गप्पा? म्हणून मी हळूच बोलतो, तुम्ही ऐका. माझे फोटो झाले. बाहेर बसायला जागा नाही म्हणून मला इथं बसवलंय — डॉक्टर बघतील, मग सोडतील. मी न्हावी. आयुष्यभर लोकांना हेच सांगत आलो, मान हलवू नका, बोलू नका, कान कापला जाईल. पण स्वतः कधी गप्प बसलो? जित्याची खोड, दादा.

पांघरूण नीट ओढून घ्या. थंडी वाजली की मानेजवळची चरबी जागी होते म्हणे, तीही फोटोत येते. मशीनला घाबरायचं नाही — मोठं कडं आहे, दोन्हीकडून उघडं, दुखत नाही काही. हात तेवढे डोक्यावर धरून अवघडतात. माझी ही तिसरी खेप. पहिल्यांदा देवाचं नाव घेत आत गेलो, दुसऱ्यांदा चक्क घोरलो. आणि उपाशी आलात ना? पाण्याशिवाय काही नाही? चहा नाही, गोळी नाही? माझा त्या गोळीनंच घात केला हो.

नात आहे मला, चार वर्षांची. मुंगी म्हणतो आम्ही, गोडाला चिकटते म्हणून. काल सकाळी इथंच यायला निघालो, तर दारात आडवी — आजोबा बसा, केस कापायचेत. बसलो पायरीवर. दोन बोटांची कात्री, माझ्या टाळक्यावर मोजून चार केस, ते कापले तिनं. आणि आमच्या दुकानाचा नियम असा, की जे पोर हलणार नाही त्याच्या तोंडात पेपरमिंटची गोळी. मी काही हललो नव्हतो! घातली तोंडात. मग काय करू, थुंकू? तिच्यादेखत? विरघळू दिली. इथं येऊन खरं ते सांगितलं, त्यांनी रक्त तपासलं, साखर वर — मधुमेह आहेच मला, दुष्काळात तेरावा महिना. आजोबा, उद्या या, म्हणाली सिस्टर. हे औषध काय फळीवर पडून राहत नाही, दादा. पहाटे बनवतात, रस्त्यानं येता येताच त्याचा जोर उतरत जातो. आजचा नंबर सोडला असता तर पुढचा कधी मिळाला असता देव जाणे. म्हणून आज आलो.

आणि आजच त्या दोघी निघाल्यात, लेक आणि मुंगी. जावयाला परदेशात नोकरी लागली, तो पुढं गेलाय. दुपारी गाडी येईल दारात. लेकीला माझं यातलं काही माहीत नाही — दुकानात जातो म्हणून सांगितलंय. कळलं असतं ना, तर तिकीट फाडून उशाशी बसली असती माझ्या. तशीच आहे ती, आईवर गेलीय. दोन वर्षं नवऱ्याची वाट बघितली पोरीनं. आता तिला मी थांबवू होय?

आता हे ध्यानात ठेवा, घरी गेल्यावरचं. आजचा दिवस अंगातून थोडी किरणं निघत राहतात. पाणी भरपूर प्यायचं. लहान पोराला मांडीवर घ्यायचं नाही, गरोदर बाईपासून लांब बसायचं. उद्या सगळं पहिल्यासारखं. उद्या! मुंगीचे कपाळावरचे केस डोळ्यांत आलेत, दादा. परवा म्हटलं, बस गं, कापतो. म्हणाली, जायच्या दिवशी, नवीन फ्रॉक घालून. दुसऱ्या कुणाला कात्री लावू देत नाही, आईलाही नाही. आता मी तिला जवळ कसा घेऊ? ठरवलंय, रस्त्याच्या पलीकडं उभा राहीन, हात हलवीन. आजोबा रागावले म्हणेल. म्हणू दे बापडी. डोळे भरून बघीन तरी —

काय सिस्टर? सोडताय ना? ... पुन्हा फोटो? ... सगळे नाही, एकाच जागेचा. बरं. ... केव्हा, तासाभरानं? त्याच्या आधी नाही का जमणार? ... नाही, बरोबर आहे, तुम्ही तरी काय करणार. थांबतो.

मागच्या दोन्ही वेळा सरळ घरी सोडलं होतं, दादा. म्हणजे दिसलंय काहीतरी. दिसू दे. त्याचं मला काही नाही, वय झालं. पण पोरीचे केस राहिले, आता लांबून बघणंही राहिलं हो.

थांबा — लेकीचा फोन. हां बाळा. आली गाडी? ... नाही गं, नाही येता येत. खुर्चीत गिऱ्हाईक बसलंय, अर्धी दाढी झालीय, तोंडाला साबण तसाच. असं अर्ध्यावर सोडून कसा उठू? ... अगं, हो. तुमच्यापेक्षा दुकान मोठं वाटतं मला, असंच समज. ... शिव्या घाल, पण रडत जाऊ नको. मुंगीला दे.

मुंगे, ऐक. आज आई कापेल. ... ऐकायचं. माझी छोटी कात्री आहे ना खणात, ती घे, मोठ्या बॅगेत टाकायला सांग आईला. तुझीच ती आता. डोळे गच्च मिट, मान हलवायची नाही, बोलायचं नाही. झालं की गोळी. ... मला? मला नको गं. माझ्या तोंडात कालची आहे अजून. ... हो, खरंच. विरघळलीच नाही.

ठेवला तिनं.

अहो दादा, तुम्ही कशाला रडताय? रडायचं नसतं हे औषध घेतल्यावर, स्वस्थ पडायचं. डोळे मिटा. मान सरळ ठेवा. आता मीही बोलत नाही.