बाला मातीतनं काढला

वाक की. वाक म्हंतुय न्हवं? — जिता हुतास तवा पाद्री नुस्ता खाकरला तरी गुडघं टेकायचास, आनि आता पोरगा सांगतुय तर लाकडावानी ताठ. रागानं बोलत न्हाई मी. — बोलतुय, रागानंच बोलतुय, कुनाच्या बापाला भ्यायचंय? पाद्र्याच्या देवळातली फरशी काढून उकरला तुला, पाठीवर बांधला, आख्खा डोंगर चढून ह्या गुहंत आनला, आनि तू आडवा पडून आडमुठंपना करतूस. आपल्यात मेलेला मानूस बसतो, बा. गुडघं छातीशी, हात गालाशी, आईच्या पोटात असल्यासारका. तूच शिकीवलंस. गारठून दगड झालायस, चोळतुय मी, जरा सैल सोड. वास येतुय तुझा, लई येतुय — येऊ दे. हितलं वारं कोरडं हाय, सुकशील.

काय म्हनालास? खाली बरा हुतास? — खोटं बोलू नगंस. रोज सपनात येऊन कन्हायचास त्यो कोन मंग? माती छातीवर बसलीया, दम कोंडतुय, असं कोन म्हनायचं? आनि वरनं पाद्र्याची पायतानं, पार तुझ्या नाकावर. म्या त्याला तोंडावर इचारलं हुतं — आमची घरं जाळलीस, डोंगरावरनं हाकून तुझ्या त्या सरळ गल्ल्यांच्या गावात कोंडलंस, आता आमचं मढं तरी वर ऱ्हाऊ दे, तुझं काय जातंय? तर म्हनं गुहंतली समदी नरकात जळत्यात. मेल्या मानसाला कापडं घालायची, दारू पाजायची, ह्यो सैतानाचा धंदा. आनि त्याच्या देवाम्होरं ती काचंची डबी हाय ती? त्यात बोट हाय, बा. कुन्या संताचं सुकलेलं बोट, समिंदरापल्याडनं आनलेलं. त्याचं मुकं घेतो भाड्या, डोळं मिटून. त्याचं बोट पवित्तर, आनि माझा आख्खा आजा सैतान?

आज्याचं नाव निघालं तर मान फिरवलीस. — कलली म्हनू नगंस, फिरवलीस. आज मी बोलनार. पीक निघालं की पयला बटाटा गुहंत बसल्याल्या आज्याफुडं, नवी कापडं, मक्याची दारू. पानी आटलं की त्यालाच इचारायचं. म्हाताऱ्यानं कदी फशीवलं न्हाई. आनि तू त्याला पाठीवर घिऊन खाली गेलास. चौकात लाकडं रचल्याली, त्यावर तुझ्या हातानं ठिवलास, सोताच्या बाला. मी खांबाला बांधल्याला, पाठीचं कातडं लोंबत हुतं, पर डोळं उघडं हुतं माझं. पाद्री म्हनला हुता, म्हातारा आन, पोरगा सोडतो. म्या वरडलो न्हाई तुला? नगं, नगं आनू म्हनून? वरडलो. तू बघितलंसुद्धा न्हाईस माझ्याकडं. राखंलाबी भ्याला त्यो भिकारडा पाद्री, ती माझ्या भावाकडनं, बेर्नाबेकडनं नदीत टाकवली, धाकट्या नातवाच्या हातनं. — मला इचारायचं तर हुतंस. बा, नुस्तं इचारायचंस. मी मेलो असतो, मलाबी म्हाताऱ्याशेजारी बशीवलं असतंस, मिटलं असतं. त्या दिसापास्नं तू मरस्तवर मी तुझ्याशी एक शबूद बोललो न्हाई, आनि तू काय केलंस? माझ्या पाठीला लामा जनावराची चरबी लावत बसलास. रोज. मी तोंड फिरवून बसायचो, आनि तू मागनं हळूहळू — एवडं हळू कोन लावतं रं? शिव्या द्यायला पायजे हुत्या तू.

— हां. वाकला. दुसराबी दे. थांब, दोरी घालू दे. बेर्नाबे असता तर पाय धरला असता, पर त्यो कुठला येतुय, पाद्र्याची घंटा बडवतो, देवळाच्या दाराला अडसर घालतो, ससा बरा त्याच्यापरीस. अडसर — काल अडसर न्हवता दाराला. दार नुस्तं लोटल्यालं. बेर्नाबे झोपंतबी उठून अडसर चाचपतो. आनि फरशी तर बोटानं उचलली, खालची माती भुसभुशीत, कुनीतरी आधीच — त्यो? छ्या. त्याच्यात कुठलं काळीज. — असंल, तर तोंडानं सांगाय काय झालं हुतं त्याला? आपल्या घरात कुनाला तोंडच न्हाई, का मलाच समदं दिलं?

गप. कुत्रं वरडलं.

खाली बघ, त्या खडकाजवळ. पाद्र्याची दोन मानसं. त्यांच्या फुडं बेर्नाबे, गळ्यात दोरी, वाट दावाय आनलाय. ही गुहा आपल्या तिघांबिगर कुनाला ठाव न्हाई, बा. — वळला. डाव्या अंगाला वळला. आज्याच्या जुन्या गुहंकडं घिऊन चाललाय त्यांला, जितं कायबी उरलं न्हाई. येडं हाय का ते? रिकामी दिसली की सोलत्याल त्याला. आनि सोलल्यावर त्यो किती येळ दम धरंल?

मी खाली जातो त्यांच्याम्होरं. सांगतो, बाला नदीत टाकला, तुमच्याकडनंच शिकलो. मारत्याल, मंग पाऱ्याच्या खानीत धाडत्याल, तितनं कोन परत आलंय. हुऊ दे तसं. माझी पोरं त्या फोडांच्या रोगानं नेली, म्हनून फुडल्या पिकाला तुझी कापडं बेर्नाबेच बदलंल. बदलली तर. उशीर झाला तर बोलू नगंस त्याला, चढ झेपत न्हाई त्याला, ल्हानपनापास्नं.

दगड लावतो आता. पाय आत घे. अंधार हुईल, जरा येळ वाटंल.

निघालो. मागनं हाक मारू नगंस.