घरच्या घरी काडतुसं

आम्ही शिकागोजवळच्या शॉमबर्गला नवे होतो, पंच्याऐंशी-शहाऐंशी साल असेल. ऑफिसातला बॉब आमच्या ह्यांना नेमबाजीला घेऊन गेला आणि हे परत आले ते वेड लागूनच.

“अगं, बॉब रिकामी काडतुसं घरीच भरतो! मशीन, वजनकाटा, बंदुकीची दारू, सुरुवातीला दोनशे डॉलर. मग प्रत्येक गोळी निम्म्यात!”

“दारू ठेवणार कुठे?”

“बेसमेंटमध्ये.”

तिथे तर घर तापवणारी फर्नेस, आत सतत जाळ! कसंबसं विचारलं, “अहो, आणि बंदूक?”

“ती नंतर. आधी गोळ्या परवडतायत का बघू दे!”

माझा जीव भांड्यात पडला. साधा टीव्ही घ्यायचा म्हणून हा माणूस दोन वर्षं सेल बघत होता. म्हटलं, बंदूक काही ह्या जन्मी येत नाही.