मागच्या सीटचं प्लास्टिक

गाडी विकणं म्हणजे पोरीले स्थळ पाहण्यापरीस अवघड काम, गड्याहो! माझी ती लांब पल्ल्याची क्रूझर मोटरसायकल होती ना? समोर काच, बाजूले चामड्याच्या बॅगा, मागं टेकाले गादी, सारं मी हौसेनं बसवलेलं. पण बायकोनं "विका एकदाची" म्हणून माझे कान किटवले. भैंसा गावाहून एक मास्तर पाहाले आले. इंजिन ऐकलं, टायर दाबले, आन् मागच्या सीटपाशी थबकले.

"सारी गाडी वापरलेली, मंग हेच सीट कोरं काऊन? मागून ठोकली म्हणून नवं बसवलं काय?"

"नाही हो मास्तर!"

"मंग याच्यावर प्लास्टिक कसं राह्यलं?"

मी उगाच टाकी पुसू लागलो. मास्तरनं जाण्यासाठी हेल्मेट उचललं. तेवढ्यात बायको चहा घेऊन आली.

"ठोकली नाही, भाऊ. मागं बसणारी मी आहो. सीट दबते म्हणून यायनं मले कदी बसूच नाही देल्लं."

मास्तर हसले. "मंग वहिनीले बसवून एक चक्कर मारा. दोघांच्या वजनानं कशी चालते, पाहू द्या."

प्लास्टिक फाडलं, मावला गावापर्यंत गेलो. मी भीत भीत विचारलं, "काई आवाज येऊन राह्यला काय?" ती म्हणे, "समोर पाहून चालवा!"

घरी आलो, तर मास्तर दारातच उभे. "काय वहिनी, काई खोट?"

बायको उतरलीच नाही. बसल्या जागेवरून म्हणे, "काईच खोट नाही, भाऊ. म्हणूनच आता विकाची नाही."